संमिश्र अभ्यासक्रमाचे कर्तृत्व

विद्यापीठीय अध्यापनात ध्वनिचित्रफीत, संगणक आणि महाजाल यांचा प्रवेश झाल्यापासून एक श्रमविभागणी सर्वत्र गृहीत धरलेली दिसते. आशय शिक्षकाने पुरवावयाचा आणि माध्यम तंत्रज्ञाने सांभाळावयाचे, ही ती विभागणी होय. समित्यांच्या इतिवृत्तांत ती आढळते, प्रशिक्षणवर्गांच्या पत्रिकांत आढळते, आणि शिक्षक व तंत्रज्ञ यांच्या परस्परांविषयीच्या तक्रारींतही तीच आढळते. शिक्षक म्हणतो, ‘आमच्या विषयातले यांना काय कळते?’ तंत्रज्ञ म्हणतो, ‘चाळीस पाने आणून दिली आणि म्हणाले, याचे काहीतरी करा.’ दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. परंतु दोन्ही तक्रारी एकाच चुकीच्या गृहीतावर उभ्या आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला ही विभागणी ऐकताच थोडे दचकावयास हवे. आशय आधी सिद्ध होतो आणि मागाहून तो एखाद्या घाटात ओतला जातो, ही कल्पना आपण कवितेच्या बाबतीत केव्हाच टाकून दिली आहे. घाट बदलला की आशयही बदलतो, हे आपण पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच सत्रात शिकवितो. आणि तोच तास संपवून अभ्यासमंडळाच्या बैठकीला गेलो की ‘कंटेंट तयार आहे, आता ते ऑनलाइन टाकायचे’ हे वाक्य निमूटपणे ऐकून घेतो. ज्याचा काही भाग प्रत्यक्ष वर्गात आणि काही भाग छापील पाठ, ध्वनिचित्रफीत वा संगणक यांच्या द्वारे वर्गाबाहेर शिकावयाचा असतो, त्या अभ्यासक्रमाला येथे संमिश्र अभ्यासक्रम म्हटले आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, असा अभ्यासक्रम ही संयुक्त कर्तृत्वाची रचना असते. ती साधली की फसली, याचे उत्तर यंत्रांच्या गुणवत्तेत सापडत नाही. वर्गासाठी काय राखून ठेवावयाचे हा प्रश्न सोडविताना शिक्षक आणि तंत्रज्ञ दोघेही हजर होते काय, आणि दोघांनाही एकमेकांना नकार देण्याचा अधिकार होता काय, यात ते शोधावे लागते. त्यासाठी तीन उदाहरणे येथे तपासली आहेत. तिन्ही परदेशातील आहेत. त्यांच्याविषयीचा लेखी पुरावा उघड आहे आणि त्यांत यश व अपयश दोन्ही नोंदलेले आहे, म्हणून ती निवडली.

पहिले उदाहरण ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचे. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगो येथील भाषणात या विद्यापीठाची कल्पना मांडली, तेव्हा त्याचे नाव ध्वनिलहरींवरून, म्हणजे माध्यमावरून घेतलेले होते. जेनी ली यांनी मंत्री या नात्याने ती कल्पना हट्टाने पुढे रेटली. १९६९ साली राजसनद मिळाली तेव्हा मात्र नावातून माध्यम गळले होते आणि ‘मुक्त’ हे विशेषण आले होते. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही विद्यापीठाची काया नसून अनेक साधनांपैकी दोन साधने आहेत, असा निर्णय त्यामागे होता. १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४,००० विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती आठवड्याच्या हिशेबाने बांधलेले छापील पाठ होते, बीबीसीवरील कार्यक्रम होते, टपालाने पाठवावयाचे स्वाध्याय होते, जवळच्या अभ्यासकेंद्रावर भेटणारा शिक्षक होता, आणि उन्हाळ्यात एक आठवड्याचा निवासी वर्ग होता. विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमात तर घरी प्रयोग करण्यासाठी एक पेटीच पाठविली जाई. तीत एक लहानसा सूक्ष्मदर्शकही असे. ‘संमिश्र’ हा शब्द त्या वेळी प्रचारात नव्हता. वस्तू मात्र पूर्णपणे होती.

हे सर्व साहित्य कोणी लिहावयाचे, या प्रश्नाला या विद्यापीठाने जे उत्तर दिले ते म्हणजे अभ्यासक्रम-मंडळ. त्यात विषयाचे अनेक प्राध्यापक, बीबीसीचे निर्माते, संपादक, आणि शिक्षणतंत्रज्ञ एकत्र बसत. एका प्राध्यापकाने पाठाचा पहिला खर्डा लिहावयाचा, तो सर्वांना वाटावयाचा, सर्वांनी त्यावर लेखी शेरे मारावयाचे, आणि लेखकाने दुसरा, प्रसंगी तिसरा खर्डा करावयाचा, अशी रीत होती. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे मुळात औषधशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतात उच्च शिक्षणाच्या अध्यापनपद्धतीला या विद्यापीठाने दिलेली सर्वांत महत्त्वाची देणगी म्हणून अभ्यासक्रम-मंडळाकडेच बोट दाखविले आहे. दूरचित्रवाणीवर शिकविणाऱ्या विद्यापीठाचा प्रमुख दूरचित्रवाणीला हे श्रेय देत नाही, तर एका बैठकीच्या पद्धतीला देतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ज्यांनी आयुष्यभर बंद दाराआड शिकविले त्या प्राध्यापकांना हे शेरे किती झोंबले असतील, याची कल्पना आपल्यापैकी कोणालाही करता येईल. वर्गातील व्याख्यान हे शिक्षकाचे सर्वांत खाजगी लेखन असते. ते कोणी सहाध्यायी वाचत नाही, कोणी तपासत नाही. अभ्यासक्रम-मंडळात ते एकदम चव्हाट्यावर आले. आणि त्यावर पहिला प्रश्न विचारणारा मनुष्य विषयातला नव्हता. ‘हा परिच्छेद वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने काय करावयाचे आहे?’ हा शिक्षणतंत्रज्ञाचा प्रश्न. दिसावयास अगदी साधा, पण त्याला उत्तर देताना भलेभले अडखळतात. कारण विषय ठाऊक असणे आणि विद्यार्थ्याने त्या विषयाचे काय करावे हे ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुक्त विद्यापीठाच्या पाठांत मधूनमधून येणारे स्वयंपरीक्षेचे प्रश्न आणि कृती या अशाच प्रश्नांतून जन्मल्या. तेथे घाटाने आशयाला खरोखरच नवा आकार दिला.

परंतु या सहकार्याची चांगली बाजू तेवढीच सांगून थांबणे योग्य नव्हे. शिक्षणतंत्रज्ञांच्या हाती त्या काळी एक आवडते हत्यार होते: वर्तनलक्ष्यी उद्दिष्टे. पाठ लिहिण्यापूर्वीच तो संपल्यावर विद्यार्थी नेमके काय ‘करू शकेल’ हे मोजता येईल अशा क्रियापदांत लिहून काढावयाचे, हा त्याचा विधी. विज्ञानाच्या पाठांना ते बऱ्यापैकी मानवले. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांना ते मानवणे कठीण होते. शोकांतिका वाचून झाल्यावर वाचक काय करू शकतो, याची यादी आधी कशी करणार? आता या हत्याराची सर्वांत कठोर चिकित्सा कोणी केली असेल तर ती दुखावलेल्या एखाद्या प्राध्यापकाने नव्हे, तर त्याच विद्यापीठाच्या शिक्षणतंत्र-संस्थेतील मायकेल मॅक्डोनल्ड-रॉस यांनी. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ लेखात उद्दिष्टांचा उगम कोठून होतो याविषयी उद्दिष्टवाद्यांचे एकमत नाही. उद्दिष्टे काढण्याची कोणतीही पक्की कृती उपलब्ध नाही. शोधाच्या प्रवासाला निघालेल्या मनुष्याकडून मुक्कामाचे वर्णन आधी मागता येत नाही. आणि वर्तनांची यादी ज्ञानाची अंतर्गत रचना दाखवू शकत नाही, असे आक्षेप एकामागून एक मांडलेले आहेत. जो मनुष्य अभ्यासक्रम-मंडळांच्या सहवासात राहून प्राध्यापकांच्या अडचणी जवळून पाहतो, त्यालाच आपल्या शास्त्राच्या मर्यादा इतक्या स्वच्छ दिसू शकतात, असे मला वाटते. सहकार्याचा परिणाम केवळ शिक्षकावर होतो असे नाही. तंत्रज्ञही त्यातून सुधारतो, आणि हा लाभ आपण बहुधा हिशेबातच धरीत नाही.

याच मॅक्डोनल्ड-रॉस यांनी रॉबर्ट वॉलर यांच्यासह १९७६ साली या मध्यस्थाला एक नाव दिले. ते त्यांनी व्हिएन्नाहून उचलले. ऑटो नॉयराथ यांच्या संग्रहालयात सांख्यिकीच्या रूक्ष कोष्टकांतून सामान्य नागरिकाला समजतील अशी चित्रे तयार होत; तज्ज्ञाकडून माहिती घेऊन तिच्यातले काय दाखवावयाचे, काय गाळावयाचे आणि कोणत्या क्रमाने मांडावयाचे हे ठरविणारी व्यक्ती तेथे चित्रकाराहून वेगळी असे. मारी नॉयराथ हे काम करीत. त्या भूमिकेला इंग्रजीत जे नाव मिळाले, त्याला मराठीत ‘रूपांतरकार’ म्हणता येईल. रूपांतरकार हा तज्ज्ञाचा नोकर नसतो आणि मालकही नसतो. तो वाचकाच्या वतीने तज्ज्ञाशी भांडतो. तज्ज्ञाला न समजलेले असे त्याच्याजवळ एकच असते, ते म्हणजे न समजणाऱ्याचा अनुभव. आणि तेवढ्या भांडवलावर तो कोष्टकातला निम्मा मजकूर गाळण्याचे धैर्य करतो. आपल्याकडे नाट्यसंगीताचे उदाहरण जवळचे वाटेल. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला १९११ साली गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. त्या पदांचा विचार करताना शब्द खाडिलकरांचे आणि सूर टेंब्यांचे अशी वाटणी कागदावर होते, पण कानाला ती करता येत नाही. उपमा फार ताणू नये. नाटकाला प्रेक्षकांचा कौल रात्रीच मिळे, अभ्यासक्रमाला तो मिळावयास वर्ष लागते.

मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीतील दोन उणिवा मात्र नोंदविल्या पाहिजेत. एक म्हणजे ही पद्धत महाग आणि संथ. एकदा इतक्या लोकांच्या श्रमातून अभ्यासक्रम सिद्ध झाला की तो काही वर्षे तसाच चालविणे भाग पडते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अभ्यासकेंद्रावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भेटणारा अंशकालीन शिक्षक सामान्यतः या मंडळात नसे. मिल्टन कीन्स येथे लिहिलेला पाठ त्याच्या हाती विद्यार्थ्याइतकाच तयार स्थितीत पडे. कर्तृत्वाचे वर्तुळ विस्तारले खरे, पण ज्याच्यासमोर विद्यार्थी ‘हे मला कळले नाही’ म्हणून बसतो तो वर्तुळाबाहेरच राहिला. पुढे बीबीसीवरील अभ्यासक्रम-प्रक्षेपणे २००६ साली थांबली, साधने पार बदलली; ही उणीव साधनांबरोबर गेली नाही.

दुसरे उदाहरण त्या मानाने थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २००२ मध्ये ह्यूलेट प्रतिष्ठानाच्या साहाय्याने महाजालावरील अभ्यासक्रमांचा एक उपक्रम हाती घेतला. त्यात विषयशिक्षक, संगणक-अभियंते आणि मानवी अध्ययनाचा प्रायोगिक अभ्यास करणारे संशोधक एकत्र होते. संख्याशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम हे त्यांचे सर्वांत गाजलेले फळ. २००७ मध्ये स्वेच्छेने आलेल्या विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाला तो संमिश्र पद्धतीने निम्म्या कालावधीत शिकविण्यात आला. आठवड्याला चारांऐवजी दोन वर्ग भरले, आणि अखेरच्या परीक्षेत हा गट पूर्ण सत्र शिकलेल्यांहून मागे राहिला नाही. या यशाचे रहस्य बहुतेक वृत्तांत संगणकाच्या तत्परतेत शोधतात. माझ्या मते ते दोन बारीक गोष्टींत आहे. पहिली, पाठ लिहिण्यापूर्वी विद्यार्थी एखादा प्रश्न सोडविताना प्रत्यक्षात कोणत्या पायऱ्या चढतो, याचे निरीक्षण केले गेले. निष्णात मनुष्य यांपैकी कित्येक पायऱ्या न कळत ओलांडतो आणि म्हणून शिकविताना वगळतो. तो त्याचा आंधळा कोपरा. तो शिक्षकाला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्यानेच दाखवावा लागतो. दुसरी गोष्ट, विद्यार्थ्यांनी घरी सोडविलेल्या प्रश्नांतल्या चुका वर्गापूर्वी शिक्षकासमोर येत. त्यामुळे वर्गात काय घ्यावयाचे याचा निर्णय प्रत्येक आठवड्याला नव्याने, आणि शिक्षकाच्या हातून, होई. वर्गाचे तास कमी झाले, पण वर्गाचे प्रयोजन वाढले.

तोच अभ्यासक्रम इतरत्र नेला की काय होते? २०११ मध्ये सहा सार्वजनिक शिक्षणसंस्थांतून ६०५ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून एक तुलना झाली; विल्यम बोवेन आणि त्यांचे सहकारी यांनी तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. संमिश्र वर्गातील विद्यार्थी इतरांइतकेच शिकले आणि त्यांना वेळ सुमारे एक चतुर्थांश कमी लागला. ‘इतकेच’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. वेळ वाचला हा लाभ लहान नव्हे, पण अध्ययन अधिक चांगले झाल्याचे दिसले नाही. एका गोष्टीची जाणीव येथे ठेवली पाहिजे: या ठिकाणी शिकविणारे शिक्षक त्या अभ्यासक्रमाचे कर्ते नव्हते. ते दुसऱ्याच्या रचनेचे चांगले वाचक होते, एवढेच म्हणता येईल. केवळ या एका तुलनेवरून कारणमीमांसा करणे धाडसाचे होईल. तरी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावरील शिक्षकाची स्थिती आणि ही स्थिती यांतले साम्य नजरेआड करता येत नाही.

तिसरे उदाहरण एका पत्राचे आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते पत्र म्हणूनच वाचावयास हवे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील राज्य विद्यापीठाने २०१२ मध्ये एडएक्स या संस्थेशी करार करून विद्युतमंडलांच्या अभ्यासक्रमात एमआयटीतील अनंत अगरवाल यांच्या ध्वनिचित्रफिती वापरल्या. विद्यार्थी त्या घरी पाहत आणि वर्गात लहान गटांत उदाहरणे सोडवीत. नेहमीच्या वर्गांत साठ टक्क्यांच्या आतबाहेर विद्यार्थी उत्तीर्ण होत, येथे नव्वद टक्क्यांहून अधिक झाले, असे जाहीर करण्यात आले. एकाच सत्रातील एकाच वर्गाची ही गोष्ट. तीत चित्रफितीचे श्रेय किती आणि वर्गाची घडण बदलणाऱ्या स्थानिक शिक्षकाचे किती, हे वेगळे काढण्याची कोणाला निकड वाटली नाही. प्रशासनाने निष्कर्ष काढला तो चित्रफितीच्या बाजूने. पाठोपाठ तत्त्वज्ञान विभागाला हार्वर्डच्या मायकेल सँडल यांचा न्यायविषयक अभ्यासक्रम अशाच रीतीने वापरण्यास सुचविले गेले. विभागाने नकार दिला, आणि २०१३ च्या एप्रिलअखेर खुद्द सँडल यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले.

पत्र प्रशासनाला न लिहिता सँडल यांना लिहिले, ही त्यातली पहिली वाङ्मयीन युक्ती. जो न्यायावर बोलतो, त्यालाच त्याच्या बोलण्याच्या वापरातल्या न्यायान्यायाविषयी प्रश्न विचारलेला आहे. पत्रातील युक्तिवाद तीन पदरी आहे. आमच्या विभागात ज्यावर हा अभ्यासक्रम उपाय ठरेल अशी कोणतीही शैक्षणिक अडचण नाही आणि शिक्षकांचा तुटवडाही नाही, हा पहिला पदर. विद्यापीठांचे दोन वर्ग पडतील, एकात सुस्थितीतील मुलांना खरा प्राध्यापक मिळेल आणि दुसऱ्यात बाकीची मुले चित्रफिती पाहतील, हा दुसरा. तिसरा पदर मला सर्वांत खोल वाटतो. सँडल यांच्या चित्रफितीत ते हार्वर्डच्या विद्यार्थ्यांशी चर्चा करताना दिसतात. सॅन होजेच्या विद्यार्थ्यांनी न्यायाविषयीची ती चर्चा, तीही बहुतांशी गोऱ्या आणि सुखवस्तू मुलांची, दुरून पाहावयाची, याचा अर्थ त्यांना काय सांगितले जाते? संवादाच्या विषयात विद्यार्थ्याला संवादाचा प्रेक्षक केले जाते. हा आक्षेप माध्यमावर नाही, घाटावर आहे. त्या चित्रफितीचा घाटच मुळी एका विशिष्ट वर्गाच्या उपस्थितीने ठरलेला होता. तो आशय म्हणून वेगळा काढून दुसरीकडे नेता येईल, ही प्रशासनाची समजूत या एका मुद्द्याने कोसळते.

सँडल यांनी दिलेले उत्तर सौजन्याचे होते. या व्यवस्थेची आपल्याला फारशी माहिती नव्हती, आपली व्याख्याने सहकारी अध्यापकांची हानी करण्यासाठी वापरली जावीत अशी आपली मुळीच इच्छा नाही, आणि विभागाची चिंता विचारार्ह आहे, असे त्यांनी कळविले. म्हणजे ज्याच्या नावाने अभ्यासक्रम विकला जात होता, तो कर्ताही त्याच्या या नव्या रूपाचा कर्ता नव्हता. मूळ शिक्षक नाही, स्थानिक शिक्षक नाही, तंत्रज्ञही नाही. असा हा संमिश्र अभ्यासक्रम कोणाचा होता? तो एका कराराचा होता.

पत्राची बाजू न्याय्य मानूनही त्यातील एका दोषाकडे दुर्लक्ष करता येत नाही. चांगल्या प्रतीच्या संमिश्र अभ्यासक्रमांना आमचा विरोध नाही, ते पैसा वाचवीत नाहीत, पैसा वाचवितात ते बाहेरून विकत घेतलेले तयार अभ्यासक्रम, असे विभागाने म्हटले आहे. पण जाता जाता, जवळजवळ कंसात टाकल्यासारखे. माझ्या समजुतीने पत्रातले सर्वांत मौल्यवान वाक्य ते हेच. त्याचा विस्तार झाला असता, तर आमच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही कोणत्या तंत्रज्ञाबरोबर बसून काय रचू इच्छितो, हेही सांगावे लागले असते. ते पत्रात नाही. पत्रातला तंत्रज्ञ हा विक्रेत्याचा माणूस आहे. सहकारी म्हणून तो एकदाही दारात येत नाही. आणि प्रत्यक्ष वर्ग श्रेष्ठच असतो, हे पत्र गृहीत धरते. आपला स्वतःचा वर्ग तपासून दाखवीत नाही. धोक्यात आलेल्या मनुष्याकडून आत्मपरीक्षणाची अपेक्षा करणे कदाचित निष्ठुरपणाचे असेल. तरी नकाराचा अधिकार बजावणे हा कर्तृत्वाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा त्या विभागाने लिहिला नाही.

त्याच विद्यापीठात त्याच वर्षी झालेला आणखी एक प्रयोग या विवेचनाला पेचात टाकतो, म्हणून तो लपवू नये. उडॅसिटी या कंपनीबरोबर तेथील शिक्षकांनी स्वतः बसून गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र यांचे अभ्यासक्रम रचले होते. ते पूर्णपणे महाजालावरचे होते, संमिश्र नव्हते. पण शिक्षक आणि तंत्रज्ञ यांचे सहकार्य तेथे कागदोपत्री होते. पहिल्या सत्राचे निकाल निराशाजनक लागले, कच्च्या विद्यार्थ्यांसाठीच्या गणितात तर जेमतेम चौथा हिस्सा उत्तीर्ण झाला, आणि २०१३ च्या जुलैत प्रयोग थांबविण्यात आला. मग सहकार्याचे काय? उत्तर कालावधीत आहे. जानेवारीत घोषणा आणि त्याच महिन्यात अध्यापन, अशी घाई होती. पाठ पुढे तयार होत होते आणि विद्यार्थी मागून शिकत होते. एका मसुद्यावर शेरे येऊन दुसरा मसुदा होण्यास जो अवकाश लागतो तो तेथे नव्हता. शिवाय विद्यार्थ्यांत शाळकरी मुलेही होती आणि त्यांतल्या काहींना संगणक मिळण्याचीच पंचाईत होती. ‘हा विद्यार्थी हे घरी कशावर पाहील?’ असे विचारणारा मनुष्य मंडळात असता, तर हा दोष पहिल्याच बैठकीत उघडा पडला असता. दोन माणसे एका खोलीत बसली म्हणजे सहकार्य झाले असे नव्हे; एकाच्या शेऱ्यामुळे दुसऱ्याचा खर्डा रद्द झाला, असे निदान एकदा तरी घडावे लागते.

आता आपल्याकडे पाहू. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्या विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकांचे आरंभीचे पान सहसा कोणी वाचत नाही. तेथे लेखकाखेरीज विषयाच्या संपादकाचे आणि अनुदेशन तंत्राच्या संपादकाचे नाव छापलेले आढळते. मराठी पुस्तकाच्या इतिहासात ही एक छोटी क्रांतीच म्हटली पाहिजे. रूपांतरकाराला मराठीत पहिल्यांदा छापील पानावर जागा मिळाली ती बहुधा तेथे. आपल्या पारंपरिक विद्यापीठांना मात्र हा दाखला कधी आपलासा वाटला नाही. दूरशिक्षण ते, आपले नव्हे, अशी एक सोवळी भावना होती. महासाथीच्या काळात तीच विद्यापीठे रातोरात दूरशिक्षण देऊ लागली, आणि सोवळे सुटले तरी अभ्यासक्रम-मंडळ काही आले नाही. शिक्षकाने आपले नेहमीचे व्याख्यान कॅमेऱ्यासमोर दिले, एवढेच झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनाविषयी एक टिपण अभिप्रायार्थ प्रसिद्ध केले. प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात, असे प्रमाण त्यात सुचविले होते. महाविद्यालयांतील चर्चा या आकड्याभोवतीच फिरत राहिली, आणि तो दोष सर्वस्वी आयोगाचा म्हणता येणार नाही. चाळीस टक्के म्हणजे किती प्रकरणे, असा हिशेब आम्हीही केला. पाच प्रकरणांपैकी दोन ‘ऑनलाइनला’ द्यावीत असे प्रस्तुत लेखकानेच एका बैठकीत सुचविल्याचे स्मरते. कोणती दोन? जी शिकविणे कोणालाच आवडत नव्हते ती! टक्केवारीने तासांची वाटणी होते. कवितेचे पहिले वाचन घरी आणि दुसरे वर्गात व्हावे, की पहिलेच वाचन सर्वांनी मिळून मोठ्याने करावे, हा प्रश्न टक्केवारीच्या पोटात मावत नाही. आणि संमिश्र अभ्यासक्रमाची सारी रचना अशाच प्रश्नांच्या उत्तरांतून उभी राहते.

या प्रश्नांना लागणारा वेळ कोठून आणावयाचा, ही अडचण आमच्या विभागांपुढे खरोखरीच उभी आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि त्यावरील अध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. ध्वनिचित्रमुद्रण, पाठलेखन इत्यादी ई-साहित्याला त्याच नियमांत पदोन्नतीसाठी गुण आहेत, आणि ते असणे योग्यच आहे. परंतु ते गुण तयार झालेल्या पाठाला मिळतात. तंत्रज्ञाच्या एका प्रश्नामुळे शिक्षकाने फाडून टाकलेल्या खर्ड्याला मिळत नाहीत, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या तंत्रज्ञाला तर आमच्या बहुतेक महाविद्यालयांच्या वेतनपटावर जागाच नाही. संगणकप्रयोगशाळेचा सहायक हाच त्याचा तेथला प्रतिनिधी, आणि त्याला अभ्यासमंडळाच्या बैठकीला बोलाविले जाते ते प्रक्षेपकाची तार जोडण्यासाठी.